गुडघ्याची लॅकमन टेस्ट करताना हाताला काही कळतच नाही, जॉइंट असेसमेंट नक्की शिकायची कशी?

सीवूड्स_थर्डइयर

नमस्कार मंडळी, मी नवी मुंबईत बीपीटी (फिजिओथेरपीची डिग्री) करतेय, थर्ड इयर, आणि पुढे एमपीटी, म्हणजे मास्टर्स, स्पोर्ट्समध्येच करायचं हे पक्कं ठरवलंय. सध्या ऑर्थोचं असेसमेंट चालू आहे आणि माझी गाडी तिथेच अडकलीये. टेस्टची नावं विचारा, सगळी पाठ आहेत, गुडघ्याच्या लॅकमन, अँटिरिअर ड्रॉवर, पिव्हट शिफ्ट, मॅकमरे, खांद्याच्या नीअर, हॉकिन्स, एम्प्टी कॅन, पोझिशनसकट सांगते, पण पेशंटला हात लावला की डोकं रिकामं होतं. मागे ओपीडीत एक कबड्डीवाला मुलगा आला होता, त्याची मांडी इतकी जाड की माझ्या पंजात मावेचना, मॅडमनी लॅकमन करून लगेच सांगितलं की एंड पॉइंट (खेचल्यावर शेवटी हाड थांबतं ते) सॉफ्ट आहे, मग मी केलं तर मला नुसतं एवढंच जाणवलं की पाय हलतोय. सॉफ्ट म्हणजे काय, फर्म म्हणजे काय, हे वाचून कळतं पण हाताला लागत नाही हो.

म्हणून विचारायचंय की ज्यांचे हात लहान आहेत त्यांनी लॅकमन कसं करायचं, एंड फील, म्हणजे शेवटी हाताला काय लागतं ते, कशावर शिकायचा, आणि एका जॉइंटला एवढ्या ढिगाने टेस्ट आहेत त्या सगळ्या प्रत्येक पेशंटवर करायच्या असतात का? सराव कर असं सगळेच म्हणतात, पण सराव नक्की कशाचा करू ते कोणी सांगत नाही. प्लीज जरा सविस्तर सांगा, प्रॅक्टिकल जवळ आलंय.

नौपाडा_स्पोर्ट्सफिजिओ

आधी तुझ्या हाताचं बघू. लॅकमनला गुडघा २० ते ३० अंश वाकलेला हवा, एका हाताने मांडीचं खालचं टोक धरायचं आणि दुसऱ्याने टिबिया (नडगीचं हाड) पुढे खेचायची हे तुला माहितीच आहे. मांडी जाड असली की वरच्या हातातून फीमर (मांडीचं हाड) सुटते आणि टिबियाबरोबर तीही वर येते, म्हणजे तुला पाय हलतोय असं वाटलं ते बरोबरच वाटलं, कारण सगळा पायच हलत होता. यावर उपाय आहे, स्वतःचा गुडघा टेबलवर ठेव आणि पेशंटची मांडी त्याच्यावर टेकव, वरून एका हाताने दाबून धर, झाली फीमर स्थिर. नाहीतर ड्रॉप लेग लॅकमन शिक, त्यात पेशंटचा पाय टेबलच्या बाजूने खाली सोडतात, पाऊल आपल्या दोन पायांमध्ये धरायचं, मांडी टेबलवरच राहते, एका हाताने ती टेबलवर दाबायची आणि दुसरा हात टिबियाला मोकळा. मी ठाण्यात कबड्डी आणि फुटबॉलवाल्यांचे गुडघे बघते, माझेही हात लहानच आहेत, मी बहुतेक वेळा हेच करते आणि कुठे अडत नाही.

आता एंड फील. तो फाटलेल्या लिगामेंटवर शिकायचाच नाही, तो शिकायचा धडधाकट माणसांवर. जेम्स सिरियॅक्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी ही सगळी भाषा नीट बांधून दिली, पॅसिव्ह मूव्हमेंट (पेशंटने नाही, आपण हलवायचं) शेवटापर्यंत न्यायची आणि तिथे हाताला काय लागतं ते ओळखायचं. रूममेटचं कोपर पूर्ण सरळ कर, शेवटी हाडावर हाड येऊन थांबतं, तो हार्ड. तेच कोपर पूर्ण वाकव, स्नायूवर स्नायू दबतो, तो सॉफ्ट, आणि तिथे तो नॉर्मल आहे. खांदा बाहेरच्या बाजूला फिरव, चामडं ताणल्यासारखं हळूहळू घट्ट होत थांबतं, तो कॅप्सूलचा, म्हणजे सांध्याभोवतीच्या पिशवीचा. हे तीन हातात बसले की मग लॅकमनच्या शेवटी जे खट्कन थांबतं ते तुला वेगळं कळेल, आणि जिथे ते खट्कन येतच नाही, नुसतं जात राहतं, तिथे तुझा हात आपोआप शंका घेईल. डोळे मिटून कर, खरंच फरक पडतो.

अजून एक, दुखऱ्या पायाला आधी हात लावायचा नाही. चांगला गुडघा आधी. किती मिलिमीटर सरकलं याला एकट्याने अर्थ नसतो, काही लोक मुळातच सैल असतात, दुसऱ्या बाजूपेक्षा किती जास्त सरकलं ते बघायचं. आणि पेशंटलाही कळतं की ही काय करणार आहे, तो पाय ढिला सोडतो.

आणि लॅकमनच्या आधी दोन्ही गुडघे ९० अंशात वाकवून बाजूने बघायची सवय लाव, टिबिया मागे पडलीये का. पीसीएल (गुडघ्यातलं मागचं लिगामेंट) गेलेलं असेल तर टिबिया आधीच मागे असते, तू पुढे खेचल्यावर ती खूप सरकते आणि तू एसीएल (पुढचं लिगामेंट, ज्यासाठी लॅकमन करतो) पॉझिटिव्ह लिहून मोकळी होतेस, प्रत्यक्षात ती फक्त आपल्या जागेवर परत आलेली असते.

कोपरखैरणे_इंटर्न

ताईंनी सांगितलंय ते वाचून मलाच नोट्स काढाव्याशा वाटल्या. मी फक्त परीक्षेच्या बाजूने सांगतो कारण माझी फायनल नुकतीच झालीये. एक्झामिनरला टेस्टची यादी नको असते, त्याला क्रम बघायचा असतो. बघणं, हात लावणं, हलवणं, हा ऑर्थो सर्जन अ‍ॅप्लींचा क्रम डोक्यात ठेव, त्यात मूव्हमेंटमध्ये आधी अ‍ॅक्टिव्ह मग पॅसिव्ह मग रेझिस्टेड (आपण विरोध करून), आणि स्पेशल टेस्ट त्याच्यानंतर. आमच्या बॅचमधले कितीतरी जण पेशंट समोर आला की थेट गुडघ्यावर झडप घालायचे, पेशंट चालत आत आला ते कोणी बघितलंच नाही. चालताना लंगडतोय का, क्वाड्रिसेप्स (मांडीचा पुढचा स्नायू) सुकलाय का, गुडघ्याच्या वाटीच्या वर सूज भरलीये का, हे सगळं लांबूनच दिसतं आणि त्याचे मार्क वेगळे असतात.

व्हायव्हाला हमखास विचारतात की लॅकमन चांगली का अँटिरिअर ड्रॉवर. उत्तर नीट समजून घे, घोकू नको. १९७६ साली जोसेफ टॉर्ग आणि सहकाऱ्यांनी लॅकमनचं वर्णन छापलं, नाव दिलं फिलाडेल्फियाच्या टेंपल युनिव्हर्सिटीतल्या जॉन लॅकमन यांचं. अँटिरिअर ड्रॉवर ९० अंशात करतात, तिथे अडचण अशी की सुजलेला गुडघा ताज्या दुखापतीत तेवढा वाकतच नाही, वाकवला तरी हॅमस्ट्रिंग (मांडीचे मागचे स्नायू) आवळून टिबियाला मागे धरून ठेवतात, आणि मेनिस्कसचा (गुडघ्यातल्या गादीचा) मागचा भाग कंडाइलला (फीमरच्या गोल टोकाला) अडतो. २० ते ३० अंशात यातलं बरंच टळतं. एकत्र केलेल्या अभ्यासांत लॅकमनची सेन्सिटिव्हिटी (फाटलेलं असताना पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण) ८५ टक्क्यांच्या आसपास आणि स्पेसिफिसिटी (चांगलं असताना निगेटिव्ह येण्याचं) ९४ च्या आसपास येते, पिव्हट शिफ्टची स्पेसिफिसिटी ९८ पण सेन्सिटिव्हिटी फक्त २४, म्हणजे पिव्हट शिफ्ट आली तर विश्वास ठेव, नाही आली म्हणून एसीएल चांगलं आहे असं म्हणू नको. शुद्धीत असलेला पेशंट घाबरून पाय आवळतो म्हणून ती निसटते, भूल दिल्यावर तीच टेस्ट छान येते.

आणि गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचे अंश मोजायची पट्टी, घेऊन बस रोज थोडा वेळ, एकाच गुडघ्याचं माप तू आणि तुझ्या मैत्रिणीने वेगवेगळं घ्यायचं आणि जुळतं का बघायचं. फलक्रम (पट्टीचा मधला खिळा) लॅटरल एपिकोंडाइलवर, म्हणजे गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर, एक काठी ट्रोकँटरकडे (मांडीच्या हाडाचा वरचा बाहेरचा उंचवटा) एक लॅटरल मॅलिओलसकडे (घोट्याचं बाहेरचं हाड). कंटाळवाणं आहे पण हाडाच्या खुणा बोटांना पाठ होतात.

कळवा_ऑर्थोरेसिडेंट

वरचं सगळं मान्य, फक्त एका गोष्टीवर माझा जोर जरा वेगळा आहे. हात शिकायला वेळ लागेलच, पण एसीएलचं निम्मं निदान पेशंट तोंडाने सांगतो आणि ते ऐकायला हात मोठे लागत नाहीत. कोणी धक्का दिला नाही, पळता पळता वळलो, गुडघ्यात पॉप आवाज आला, खेळ सोडावा लागला आणि तासा दोन तासांत गुडघा टम्म सुजला, एवढं ऐकलं की एसीएल डोक्यात आलंच पाहिजे, कारण इतकी लवकर सूज म्हणजे बहुतेक वेळा आत रक्त भरलंय. तेच सूज दुसऱ्या दिवशी सकाळी आली, आणि गुडघा मध्येच अडकतो म्हणतोय, तर मेनिस्कसकडे बघ, आणि सरळ करताना शेवटी स्प्रिंगसारखं उसळून परत येत असेल तर जोर लावू नको, बकेट हँडल टेअर (मेनिस्कसचा फाटलेला भाग मध्ये अडकणं) असू शकतो, तो पेशंट त्याच दिवशी ऑर्थोकडे पाठवायचा. प्रश्न नीट विचारलेस की टेबलवर यायच्या आधी तुझ्याकडे दोन शक्यता असतात, आणि टेस्ट त्या दोघांत निवड करायला करायची. तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच, सगळ्या टेस्ट सगळ्यांवर करायच्या नाहीत. दुखऱ्या गुडघ्यावर पंधरा टेस्ट केल्या तर शेवटच्या दहांमध्ये पेशंट फक्त कण्हतो, त्यातून काही कळत नाही.

घोट्याचं सांगतो कारण स्पोर्ट्समध्ये तुला सगळ्यात जास्त घोटेच येणार. पाय मुरगळून आला की लिगामेंट टेस्ट करायच्या आधी ओटावा रूल्स, म्हणजे एक्स रे लागेल का ते ठरवायचे नियम. दोन्ही मॅलिओलसच्या मागच्या कडेला खालच्या ६ सेंटीमीटरमध्ये किंवा टोकावर हाड दाबल्यावर दुखतंय का, आणि दुखापतीनंतर लगेच आणि आत्ता तुझ्यासमोरही चार पावलं टाकता येत नाहीयेत का, यातलं एक जरी हो असेल तर एक्स रे. पावलासाठी पाचव्या मेटाटार्सलचा (करंगळीमागच्या लांब हाडाचा) बेस आणि नॅव्हिक्युलर (पावलाच्या आतल्या बाजूचं हाड) दाबून बघायचं. १९९२ पासून कॅनडाच्या इयन स्टील यांच्या टीमचे हे नियम वापरात आहेत आणि फ्रॅक्चर क्वचितच सुटतं. फिब्युला (नडगीशेजारचं बारीक हाड) वर गुडघ्यापर्यंत दाबत जायचं हे विसरू नको, खाली मुरगळलेला घोटा वर फिब्युला मोडून येतो कधीकधी. घोट्याची अँटिरिअर ड्रॉवर पहिल्या दिवशी केलीस तर दुखण्यामुळे आणि सुजेमुळे काही हाताला लागणार नाही, चार पाच दिवसांनी परत बोलावून केलीस तर एटीएफएलचं (घोट्याच्या बाहेरच्या लिगामेंटचं) खरं काय ते कळतं. फ्रॅक्चर नाही हे नक्की झालं की मधले दिवस बर्फ, आधार आणि जमेल तेवढं पाऊल टेकवणं, त्यात काही बिघडत नाही.

आणि हे मात्र पाटीवर लिहून ठेव, दहा ते पंधरा वर्षांचं पोर गुडघा दुखतो म्हणून आलं तर हिप बघितल्याशिवाय सोडायचं नाही. अंगाने जरा जाड मुलगा, लंगडतोय, गुडघ्यात काहीच सापडत नाही, आणि हिप वाकवायला गेलं की मांडी आपोआप बाहेर फिरते, तर फीमरचं डोकं सरकलेलं असू शकतं. त्याला चालवत पाठवायचं नाही, त्याच दिवशी एक्स रे, दोन्ही हिपचा, फ्रॉग लॅटरलसकट (बेडकासारखे पाय पसरून काढतात तो). क्रिकेट अकॅडमीत येणाऱ्या पोरांना ग्रोइंग पेन म्हणून तेल लावायला सांगतात आणि महिने निघून जातात, याचा मला मनापासून राग येतो. वरचा जॉइंट, खालचा जॉइंट, प्रत्येक वेळी, कंटाळा आला तरी.

ऐरोली_कबड्डीकोच

मी डॉक्टर नाही फिजिओ नाही, पोरांना कबड्डी शिकवतो, पण वाचून लिहावंसं वाटलं कारण टेबलवर जे झोपतात ते आमचे असतात. बेटा, आमच्या पोरांना अँकल होल्ड थाय होल्डमध्ये पाय पिळला की आधीच भीती बसलेली असते की सीझन गेला, त्यात कोणी न बोलता पाय ओढला की ते दगडासारखं आवळून धरतात. आता मी काय करणार, कुठे हात ठेवणार, दुखलं तर लगेच सांग, एवढं आधी बोललीस तर निम्मं काम होईल. मुलींच्या टीमला तर विचारल्याशिवाय, आणि सोबत कोणी बाई माणूस असल्याशिवाय, कपडे वर करायला लावायचे नाहीत, शॉर्ट्स आधीच घेऊन यायला सांगायच्या. आमच्याकडच्या मुली यामुळेच दुखणं लपवतात, मी बघितलंय.

आणि मॅटवर पोरगा पडला की तिथल्या तिथे टेस्ट करायची घाई करू नका. खेळाडू अंग गरम असताना दुखत नाही म्हणतो, त्याला परत चढाईला जायचं असतं. तुम्ही आमच्या मैदानावर सरावाला आलात तर पोरं आनंदाने पाय देतील, चांगले गुडघे भरपूर मिळतील आणि मोठ्या मांड्या पण.

सीवूड्स_थर्डइयर

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलंच नव्हतं. काल रात्री रूमवर कोपर आणि खांद्याचा एंड फील करून बघितला, डोळे मिटून, आणि खरंच हार्ड आणि कॅप्सूलचा यातला फरक पहिल्यांदा हाताला लागला. एका मैत्रिणीचं कोपर सरळच्याही पुढे जातं आणि अंगठा मनगटाला टेकतो, मग बायटनचा स्कोअर (सांधे किती सैल ते मोजणारा) काढला तर ९ पैकी ७ आला, तिचा लॅकमन मला आधी पॉझिटिव्हच वाटला असता पण दोन्ही बाजू सारख्याच सैल निघाल्या. ड्रॉप लेगही करून बघितलं, माझ्या हाताला ते फारच सोयीचं आहे. कोच काका, आम्ही तिघी चौघी नक्की येऊ, तुम्ही दिवस सांगा.

आता खांद्याचं विचारते. तिथे तर गुडघ्याहून जास्त टेस्ट आहेत आणि प्रत्येक पुस्तकात एम्प्टी कॅन म्हणजे सुप्रास्पायनॅटस (खांद्याच्या वरचा स्नायू) असं लिहिलंय. पण पेशंटला नीअरनेही दुखतं, हॉकिन्सनेही दुखतं आणि एम्प्टी कॅननेही, मग लिहायचं काय?

नौपाडा_स्पोर्ट्सफिजिओ

छान केलंस, बायटन काढलास हे तर फारच आवडलं.

खांद्यात टेस्टच्या नावावरून स्नायूचं नाव लिहायची सवय लावूच नको. रोटेटर कफचे (खांद्याभोवतीच्या स्नायूंच्या गटाचे) टेंडन शेवटी एकमेकांत मिसळतात, वर बर्सा (घर्षण टाळणारी पिशवी) चिकटून, एक टेस्ट एकच गोष्ट ताणते असं होत नाही. या टेस्ट तपासणारे मोठे आढावे झाले, त्यातही हेच निघालं की एकट्या टेस्टवरून नेमका भाग सांगता येत नाही. नीअर आणि हॉकिन्स दुखलं म्हणजे खांदा वरच्या बाजूला चिडलाय, एवढंच घे त्यातून.

त्याऐवजी साधे प्रश्न धर. आधी मान. मान फिरवल्यावर, मागे वाकवल्यावर खांद्यात कळ जाते का, कारण मानेचं दुखणं खांद्याचं म्हणून खूप येतं. मग अ‍ॅक्टिव्ह हात वर, मागून उभं राहून, स्कॅप्युला (खांद्याची पाती) दोन्ही बाजूंना सारख्या फिरतात का बघत, आणि ६० ते १२० अंशांमध्येच दुखून पुढे कमी होतंय का. मग तेच पॅसिव्ह. स्वतःहून हात वर जात नाही पण तू नेलास तर सहज जातो, तर कॅप्सूल मोकळी आहे आणि कफ किंवा नर्व्हचा विचार करायचा. तूही नेऊ शकत नाहीस, आणि विशेषतः कोपर अंगाला चिकटवून बाहेर फिरवताना सगळ्यात जास्त अडतं, तर ते कॅप्सूलचं, फ्रोझन शोल्डरकडे जाणारं. चाळिशी पन्नाशीतला, त्यातून डायबेटिस असलेला माणूस असेल तर अजूनच. मग रेझिस्टेड, बाहेर फिरवताना, आत फिरवताना, उचलताना, आणि दुखतं की ताकद नाही हे दोन वेगळं लिहायचं, कारण दुखून कमी ताकद लागणं आणि टेंडन सुटून ताकदच नसणं यांचा पुढचा रस्ता वेगळा आहे. तू पॅसिव्ह पूर्ण बाहेर फिरव आणि पेशंटला तिथेच धरून ठेवायला सांग, तू सोडल्यावर हात आत पडत गेला तर मोठा टेअर असण्याची शक्यता धरायची.

बोलर किंवा व्हॉलीबॉलवाला असेल तर अ‍ॅप्रिहेन्शन आणि रिलोकेशन (खांदा निसटतो का याच्या टेस्ट) नक्की कर, तिथे दुखणं मोजायचं नाही, निसटेल अशी भीती चेहऱ्यावर येते का ते बघायचं. म्हणून चेहरा बघत कर, खांदा नाही. आणि थ्रो करणाऱ्यांचा बोलिंगचा खांदा बाहेर जास्त फिरतो आणि आत कमी, ते बऱ्याचदा खेळाने घडवलेलं असतं, तेव्हा दोन्ही बाजूंची बाहेर आणि आत मिळून बेरीज कर, ती सारखी असेल तर घाबरायचं कारण नाही.

आता लिहायचं काय. पॉझिटिव्ह निगेटिव्ह लिहून संपवू नको. असं लिही, उजवा खांदा, अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅबडक्शन ११० अंश, ७० पासून दुखणं, पॅसिव्ह १७०, एक्सटर्नल रोटेशन दोन्हीकडे सारखं, रेझिस्टेड एक्सटर्नल रोटेशन दुखतं, ताकद ५ पैकी ४, मान मोकळी. हे वाचून मला पेशंट न बघता चित्र दिसतं आणि दोन आठवड्यांनी तूच परत मोजलंस की सुधारतोय का ते समजतं. शेवटी तुझा अंदाज लिही आणि कशामुळे तसं वाटलं तेही, चुकला तर चुकला, एक्झामिनर त्यावरच प्रश्न विचारेल आणि तुला उत्तर येत असेल.

ऐरोली_कबड्डीकोच

रविवारी सकाळी सातला या, नऊपर्यंत पोरं असतात. मुलींचा सराव शनिवारी संध्याकाळी साडेपाचला, तेव्हा आलात तर अजून बरं, त्यांना तुमच्याशी बोलायला सोपं जाईल. मॅट आहे, टेबल नाही, ते तुम्ही बघा.

कोपरखैरणे_इंटर्न

टेबल मी आणतो, फोल्डिंगचं आहे. गोनिओमीटर सगळ्यांनी आपापला आणा.